हाताने टाकलेली नोंद

प्रिय डेल,

तुझा पहिला ईमेल नाताळाच्या आधी आला, मग आणखी दोन-तीन आले, आणि परवाचा शेवटचा तर इतक्या आनंदात लिहिलेला होता की वाचताना मला तुझा आवाज ऐकू आला. उत्तर मुद्दाम कागदावर देते आहे. पडद्यावरचं तू कधी नीट वाचत नाहीस. वरचा ठळक आकडा बघतोस आणि बोटाने पुढे सरकवतोस. कागद सरकत नाही. तेव्हा चहा करून घे आणि जरा टेकून बस. इथे स्मोकी बेमध्ये आज वारा पडला आहे, ओहोटी दुपारनंतर आहे, त्यामुळे कालवांच्या टोपल्यांकडे जायची घाई नाही. मला भरपूर वेळ आहे.

आधी तुझं काम. डॅडची बिटकॉइनं तू आता विकणार आहेस. खाणीतल्या नोकरीचा राजीनामा दिलास, तो मंजूर झाला, ऑल्बनीला समुद्र दिसणाऱ्या घराचं बयाणं भरलंस, आणि ते बयाणं काही झालं तरी परत मिळत नाही हेसुद्धा तू मोठ्या शौर्याने कळवलंस. घोडं अडलंय ते तुझ्या अकाउंटंटबाईंपाशी. त्या म्हणतात, नाणी कधी आणि काय भावाने घेतली ते दाखवा, नाहीतर फोनमधल्या नोंदी बघता टॅक्स डोळे पांढरे करेल. म्हणून तुला बहिणीची आठवण झाली. "चिखले, तुला टोपल्या मोजण्यापलीकडे काम काय असतं? दहा मिनिटं काढ आणि डॅडचं ते जुनं पाठवून दे," असं तू लिहिलंस. चिखली हे नाव तू मला मी शाळेत असताना दिलंस, माझ्या अंगाला खाडीच्या गाळाचा वास येतो म्हणून. पन्नाशी आली तरी मी चिखलीच. असो. सगळं शोधलं आणि सोबत जोडलं आहे.

तू तुझ्या फोनमधली पानं पाठवलीस ती मी चष्मा लावून बघितली. डेल, तुला शाळेत गणितात बक्षीस मिळालं होतं यावर माझा आता विश्वास बसत नाही. डॅडनी नाणी एक्स्चेंजवर, म्हणजे त्या ऑनलाइन बाजारात, घेतली आणि नंतर तिथून काढून आपल्या त्या छोट्या, पेनड्राइव्हसारख्या यंत्रावर ठेवली, एवढं साधं ते. तू काय केलंस, तर एक्स्चेंजवरून गेली त्या दिवशी 'विक्री' लिहिलंस आणि यंत्रावर आली त्या दिवशी 'खरेदी'. म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरला वाटलं, म्हाताऱ्याने सगळं विकलं, रग्गड नफा कमावला आणि त्याच संध्याकाळी सगळं परत विकत घेतलं. न झालेल्या विक्रीवर टॅक्स लागून बसला. माझ्या हातून पहिल्या वर्षी हीच चूक झाली होती, तेव्हा डॅड माझ्याकडे बघून म्हणाले होते, "रॉझ, या दोरीवरची टोपली त्या दोरीवर टांगली, तर कालवं विकली का गं?" मी नाही म्हटलं. "मग ती जागा बदलली असं लिही. मालक तोच आहे." तेवढ्यावर माझं शिक्षण झालं. तुझं व्हायचं राहिलं.

डॅड या नादाला कसे लागले हे तुला माहीतच नसेल, कारण त्या वर्षी तू नाताळालाही आला नव्हतास. शेडवर कालवं निवडायला एक डॅनिश मुलगी होती, पाठीवर बोचकं टाकून देश बघत फिरणारी. ती दिवसभर कालवं निवडता निवडता डॅडना नाण्यांचं सांगायची आणि डॅड हूं हूं करायचे. मला वाटलं, ऐकल्यासारखं करताहेत. एका शनिवारी त्यांनी जुना ट्रॅक्टर विकला आणि आलेले पैसे त्यात घातले. आम्ही सगळे हसलो. तू फोनवर सगळ्यात मोठ्याने हसलास, "म्हातारा आता हवा विकत घ्यायला लागला," म्हणालास. पुढे भाव चढला तेव्हा मात्र तुला वडील असल्याचं एकदम आठवलं.

डॅडनी मात्र ते कधी हसण्यावारी नेलं नाही. रविवारी जेवण झालं की टेबल पुसून घ्यायचं, मी लॅपटॉप उघडायचा, आणि त्यांनी आठवड्यात जे काही केलं असेल ते सांगायचं. तारीख, वेळ, भाव, फी. दर व्यवहाराची फी अगदी चिमूटभर असायची, मी एकदा कंटाळून सोडून दिली तर त्यांनी मला पुन्हा सगळं उघडायला लावलं. "टोपलीत मेलेली कालवंही मोजतो ना आपण? नाही मोजली तर जिवंत किती हे कसं कळणार?" तुझ्या पानांवर फी कुठेच नाही, म्हणून तुझी बेरीज कधीच जुळत नाही आणि तू ते 'किरकोळ फरक' म्हणून खपवलं आहेस. अकाउंटंटबाई चिडल्या तर त्यांचं काही चुकलं नाही. हे दोन्ही सोबतच्या कागदांवरून तुला दुरुस्त करता येईल. मी खुणा केल्या आहेत, लाल पेनाने, शाळेतल्या बाईंसारख्या.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि ती समजायला तुला सहा वर्षांपूर्वीचा नाताळ आठवावा लागेल. डॅडच्या छातीचं पहिलं दुखणं झालं होतं म्हणून तू बायकोला घेऊन आला होतास. डॅड झोपले होते. तू माझा लॅपटॉप उघडलास, पडद्याचा फोटो काढलास आणि अंगणात बिअर पीत बसून तेच सॉफ्टवेअर आपल्या फोनवर घेऊन सगळं हाताने टाकलंस. मी विचारलं तर म्हणालास, "लक्ष ठेवायला नको? म्हातारा उद्या काहीतरी करून बसेल." मी तेव्हाच सांगितलं होतं, असं हाताने टाकू नकोस, डॅडच्या यंत्रावरच्या वॉलेटचा पत्ता जोड. पत्ता जोडला की सॉफ्टवेअर स्वतः जाऊन बघतं, नाणी आहेत की गेली. हाताने टाकलेल्या नोंदीला काही कळत नाही. तू तिला जे सांगितलंस तेवढंच तिला ठाऊक. भाव मात्र रोजचा येतो, त्यामुळे सगळं जिवंत असल्यासारखं दिसतं, आकडा हलतो, चढतो, हिरवा होतो. यावर तू किर्स्टीकडे बघून म्हणालास, "ही मला कॉम्प्युटर शिकवते आहे. हिच्या नखांत गाळ बघ." किर्स्टी हसली नाही, एवढं तिच्या बाजूने सांगते. मी नखं टेबलाखाली घेतली.

टोपलीला आपण चिठ्ठी बांधतो ना, आत किती डझन ते लिहून? पाकट मासा येतो, टोपली फोडतो, आतलं सगळं फस्त करतो. चिठ्ठीवरचा आकडा तसाच राहतो.

पुढच्याच वर्षी तुझं पर्थचं घर जायची वेळ आली. त्यावर कर्ज काढून तू कसलीतरी कुत्र्याच्या चेहऱ्याची नाणी घेतली होतीस आणि ती एका आठवड्यात मातीमोल झाली. किर्स्टीने डॅडना फोन केला तेव्हा ती रडत होती आणि तू गॅरेजमध्ये दार लावून बसला होतास. डॅडनी तिचं सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला, आणि त्या आठवड्यात रविवारची वाट न बघता मला लॅपटॉप काढायला सांगितला. यंत्र चहाच्या जुन्या डब्यातून बाहेर आलं. जवळजवळ सगळी नाणी विकली, डेल. तळाला थोडी ठेवली, त्या डॅनिश मुलीची आठवण म्हणून, असं म्हणाले. मी नोंद केली तेव्हा ते माझ्या खांद्यावरून बघत होते. तारीख, भाव, फी. त्यावरचा टॅक्सही त्यांनी पुढच्या वर्षी भरला, आणि त्यासाठी बोटीचं नवं इंजिन राहून गेलं. जुनं इंजिन खाडीच्या मध्यावर बंद पडतं, तेव्हा टोपल्यांनी भरलेली बोट मी छातीभर पाण्यातून ओढत आणते. तेव्हा मला तुझं घर आठवतं. छान घर आहे, अंगणात पोहायचा तलाव आहे.

किर्स्टीला त्यांनी एवढंच सांगितलं की पैसे माझे आहेत, कुठून आले ते विचारू नकोस, आणि डेलला सांग, 'माझ्या वडिलांनी दिले'. तिने खरंच काही विचारलं नाही. मी विचारलं, की हे असं का. "सासऱ्याचे घेतले तर तो मान वर करून फेडायचं बघेल. माझे घेतले तर त्याची मान खाली जाईल. पोरी, त्याला कधी कळता कामा नये." मी शब्द दिला. तू सासऱ्यांचे पैसेही फेडले नाहीस ते वेगळं. ते बिचारे मागणार तरी कोणत्या तोंडाने?

मला तुझ्या सासऱ्यांचा सत्तरावा वाढदिवस विसरता येत नाही. तुला आठवतो का? पर्थमधलं ते नदीकाठचं हॉटेल, पांढरी कापडं घातलेली टेबलं, आणि आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या टेबलावर, कारण पुढे तुझ्या खाणीतले साहेब बसले होते. डॅडचा हात तेव्हा थरथरायला लागला होता, मी त्यांचं मांस कापून देत होते. तू ग्लास घेऊन उभा राहिलास. "माझा जन्मदाता गाळात कालवं चिवडत होता तेव्हा या माणसाने माझं घर वाचवलं. वेळेला उभा राहतो तो खरा बाप." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझे सासरे ताटात बघत राहिले. मी सुरी खाली ठेवली आणि उठायला लागले, तर डॅडनी माझं मनगट धरलं, त्या थरथरत्या हाताने, आणि ते सोडून मग टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावरसुद्धा त्यांच्या चालू होत्या. परतताना विमानात म्हणाले, "बोलतो छान, नाही?" त्या दिवसापासून मला तुझा राग आहे. याआधी मला तुझं वाईट वाटायचं, कधी हेवा वाटायचा, पण राग त्या दिवसापासून आहे.

आणि मग डॅड गेले. त्यांना पुरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलास, वकील गॅविन समोर, आणि मी सगळ्यांसाठी व्हायटिंग मासे तळत होते. मृत्युपत्र अंमलात आणायची जबाबदारी डॅडनी तुझ्यावर टाकली होती, तू थोरला म्हणून. सगळं दोघांत अर्धं अर्धं होतं. तू फोन काढलास, माझ्या नाकासमोर धरलास. त्यावर आकडा होता, आपली सगळी कालवांची जागा, शेड, घर, बोट मिळून होईल त्याच्या तिप्पट. तू तो मला दाखवत होतास पण मला वाटून देणार नव्हतास. "भाव आज आहे उद्या नाही, जोखीम मोठी आहे, तुला झेपायची नाही," असं तू मला समजावलंस, लहान मुलीला समजावतात तसं. "चिखल तुला, नाणी मला. आयुष्यभर इथे राबलीस, तुझी सोय व्हायला नको?" माझ्यावर उपकार करतोय असा चेहरा तू इतका छान केलास की क्षणभर मीच विचारात पडले.

गॅविनने तुला विचारलं होतं, दोनदा. यंत्र एकदा जोडून खात्री करू या का? तू म्हणालास, "मित्रा, ते जोडलं की जगभरचे चोर टपून बसलेले असतात. यात हात न लावणं हीच अक्कल आहे. आकडा माझ्याकडे आहे, लिहून घे." तुम्हा नाणीवाल्यांत ही मोठीच मर्दुमकी आहे, हात न लावता धरून बसायचं. मग गॅविन माझ्याकडे वळला. "रॉझलिन, नोंदी तू ठेवायचीस. तुला काही सांगायचंय?" डेल, मी तोंड उघडलं होतं. मी सांगणार होते. डॅडना दिलेला शब्द मोडून सांगणार होते, की यात काही उरलेलं नाही, उगाच फसशील, जागा अर्धी अर्धी करू या. आणि तू मध्येच म्हणालास, "तिला काय विचारतोस? ती तुला कालवांचा आकडा सांगेल." गॅविनसुद्धा हसला. मी तोंड मिटलं, मासा उलटा केला, आणि जिथे म्हणालास तिथे सही केली. ते यंत्र तू पर्थला नेऊन बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलंस. आकडा तू दिलास, कागद तू करवलास, सही तुझी आहे. तुला गॅविनकडे जायचं असेल तर जरूर जा. तोही हेच सांगेल.

आता तुझ्या हातात काय आहे ते सांगते. मी पत्ता जोडलेला आहे, मला रोज दिसतं. पर्थहून इथे यायचं विमानाचं तिकीट त्यात निघेल. परतीचं निघणार नाही. आलास तर शेडच्या मागची खोली रिकामी आहे आणि हंगामाला कालवं निवडायला माणसं लागतातच. मी सगळ्यांना देते तोच रोज तुला देईन, भाऊ म्हणून जास्त नाही आणि चिडून कमीही नाही. हे मी टोमणा म्हणून लिहिलं आहे, पण तुला गरज पडली तर खरं मान.

नोंदी हरवल्या नव्हत्या. तू नाताळाच्या आधी मागितल्यास, त्याच दिवशी मी त्या छापल्या, किटलीतलं पाणी उकळायच्या आत झालं सगळं. तुला कळवलं की शोधते आहे, कारण तेव्हा तुझी नोकरी होती आणि बयाणं तुझ्या खिशात होतं. तेव्हा कळलं असतं तर तू चार शिव्या घातल्या असत्यास, भिंतीवर काहीतरी फेकलं असतंस आणि सोमवारी खाणीवर गेला असतास. तेवढं मला पुरणार नव्हतं. परवा तुझा ईमेल आला, राजीनामा मंजूर, बयाणं पोचलं, आणि मी पेन हातात घेतलं. डॅडनी मला तुझी मान सांभाळायला सांगितलं होतं. ते होते तोवर सांभाळली. आता सोबतचा शेवटचा कागद समोर ठेव आणि फोन उघड. ती एक विक्री तुझ्या नोंदींत नाही, ती तू स्वतःच्या बोटांनी टाक. तारीख, भाव, फी, सगळं कागदावर आहे. खाली शेरा लिहायला जागा असते, तिथे डॅडनी मला जे टाकायला सांगितलं होतं तेच टाक: 'डेलचं घर'. मग वरचा आकडा बघ. तो तू नेहमीच बघतोस.

तुझीच चिखली,
रॉझ